सायकलवरून उतरून धावण्याची कुळकथा

आधी पोहणं, मग सायकल, शेवटी धावणं. ट्रायथलॉनचा हा क्रम आता इतका पक्का बसला आहे की तो कुणीतरी शरीरशास्त्राची पुस्तकं समोर ठेवून ठरवला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो ठरला एका बेटाच्या नकाशावरून. कुठला रस्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढंच पाहून. त्या नकाशाने खेळाडूंच्या मांड्या-पोटऱ्यांवर जे संकट आणलं, त्याच्यावरचा उतारा म्हणजे सायकलवरून उतरल्या उतरल्या धावण्याचा सराव. जगभरचे ट्रायथलॉनवाले त्याला ‘ब्रिक’ म्हणतात. पुण्या-कोल्हापुरातले म्हणतात, आणि आता आमच्या देवगड-मालवणच्या किनारपट्टीवर सायकल हाणणारी पोरंही म्हणतात.

या सरावाचं कूळ शोधत मागे गेलं की आधी एक विचित्र गोष्ट लक्षात येते. तीन खेळांच्या शर्यती जुन्या आहेत, पण सायकलनंतर धावण्याचा प्रश्न त्यांतल्या सगळ्यांना नव्हता. फ्रान्समध्ये १९२० च्या सुमारास ‘तीन खेळ’ अशा अर्थाच्या नावाने स्पर्धा होत. तीन किलोमीटर धावायचं, बारा किलोमीटर सायकल मारायची आणि मग मार्न नदीचा प्रवाह पोहून पार करायचा, मध्ये न थांबता. तिथे धावणं आधी उरकलेलं असे. सायकलने थकलेले पाय पाण्यात जात, आणि पाण्यात पायांवर शरीराचं ओझं नसतंच.

आधुनिक ट्रायथलॉनचा जन्म मानला जातो तो २५ सप्टेंबर १९७४ या दिवशी, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात, मिशन बे नावाच्या खाडीच्या काठी. वार बुधवार, वेळ संध्याकाळची, म्हणजे माणसं नोकरीवरून सुटून आलेली. सॅन डिएगो ट्रॅक क्लबचे जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन यांनी ही शर्यत घडवली. जॉनस्टन त्याआधी धावणं आणि पोहणं अशा दुहेरी शर्यतींत उतरले होते. डेव्हिड पेन नावाचे गृहस्थ आपल्या वाढदिवसाला तशी शर्यत भरवत. सायकल त्यात घालायची कल्पना शॅनहन यांची. सहा मैलांच्या आसपास धावणं, पाच मैल सायकल आणि पाचशे यार्ड पोहणं असं गणित जमलं. सुरुवात धावण्याने, त्यानंतर सायकल, आणि पुढचा भाग पाणी, वाळू, पुन्हा पाणी असा तुकड्यातुकड्यांचा, बराचसा अनवाणी. ४६ जण आले. शेवटचे पोहणारे बाहेर यायच्या आत अंधार पडला, तेव्हा काठावरच्या मोटारींचे दिवे पाण्यावर पाडून त्यांना वाट दाखवली.

हा क्रम, म्हणजे आधी पायपीट आणि शेवटी पाणी, देवगडजवळच्या कुणकेश्वरच्या माणसाला अजिबात परका वाटायचा नाही. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांचे देव आपल्या तरंगकाठ्यांसह, रयतेसह कुणकेश्वराच्या भेटीला निघतात. देवस्वाऱ्या म्हणतात त्यांना. गावोगावची माणसं कैक मैल पायी चालत येतात आणि यात्रेचा शेवट होतो तो समुद्रातल्या तीर्थस्नानाने. थकलेल्या अंगाला शेवटी पाणी ही सोय कोकणाला केव्हाची ठाऊक आहे. शर्यतीत मात्र ती धोक्याची. दमलेला धावपटू रस्त्याकडेला बसू शकतो, दमलेला पोहणारा कुठे बसणार? म्हणून पुढे पोहणं पहिलं आलं, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. कारण खरंच आहे आणि आज तेच पुरेसं आहे. पण क्रम जिथे पक्का झाला तिथे वेगळंच काही चाललं होतं.

ते ठिकाण हवाई. १९७७ साली ओआहू बेटावर धावण्याच्या एका सांघिक शर्यतीचा बक्षीससमारंभ चालू होता आणि नेहमीचा वाद निघाला होता, जास्त दमदार कोण, धावणारे की पोहणारे? अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स तिथे होते. त्यांनी नि त्यांच्या पत्नी जुडी यांनी १९७४ ची ती मिशन बेची शर्यत स्वतः केली होती. कॉलिन्सनी वादात तिसरा पक्ष घुसवला. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता आजवर मोजलेल्यांत सर्वांत जास्त असल्याचं त्यांनी वाचलं होतं, तेव्हा सायकलवाल्यांना का वगळता? वाद तोंडाने मिटणार नव्हता. मग बेटावर आधीच होत असलेल्या तीन शर्यती एकापुढे एक जोडायचा विचार पुढे आला. वायकीकीची २.४ मैलांची समुद्री पोहण्याची शर्यत, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन.

आता नकाशाची गोष्ट. बेटाभोवतीची सायकल शर्यत मुळात ११५ मैलांची होती आणि ती दोन दिवसांत होत असे. कॉलिन्सच्या लक्षात आलं की तिच्यातले तीन मैल कापले आणि बेटाला घड्याळाच्या उलट दिशेने फेरी मारली तर सायकल सुरू होईल ती पोहणं संपतं तिथून, आणि संपेल ती अलोहा टॉवरपाशी, जिथून तेव्हा होनोलुलू मॅरेथॉन सुटत असे. झालं. पोहणं, सायकल, धावणं. हीच ती ‘आयर्नमॅन’ शर्यत. ११२ मैल म्हणजे १८० किलोमीटर हा आकडा आला कुठून तर या तीन मैलांच्या कापाकापीतून. आज जगातला प्रत्येक आयर्नमॅनवाला १८० किलोमीटर सायकल मारतो तो एका बेटाच्या परिघातून तीन मैल वजा करून. आणि १८० नंतर लगेच ४२.२ किलोमीटर धावतो तेही मॅरेथॉनची सुरुवातीची रेघ एका टॉवरजवळ होती म्हणून.

१८ फेब्रुवारी १९७८. पंधरा जण सुटले, बारा जण पोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. नौदलाच्या सील पथकातला जॉन डनबार सायकल संपली तेव्हा पुढे होता. पाणी पुरवायला आयोजकांची व्यवस्था नव्हती, ज्याने त्याने आपापली माणसं गाडीतून मागे ठेवायची होती. डनबारच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, अशी ती प्रसिद्ध कथा. तो दुसरा आला, अर्ध्या तासाहून जास्त मागे. सायकलनंतर धावणं ही वेगळी तयारी आहे हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं. आलेले बहुतेक जण कुठल्या तरी एका खेळाचे होते, उरलेले दोन त्यांनी उसने घेतले होते. बारा-पंधरा तास चालणाऱ्या दिवसात सायकल सोडल्यावरचे पंधरा मिनिटांचे अवघडलेले पाय कोण मोजतो?

ते मोजायची वेळ आली शर्यती लहान झाल्यावर. माझ्या मते या सगळ्या कुळकथेतला खरा वळणबिंदू हा आहे, आणि हवाईच्या झगमगाटात तो नेहमी झाकला जातो. १९७९ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने त्या वर्षीच्या हवाईच्या शर्यतीवर मोठा लेख छापला, पुढच्या वर्षी टीव्हीवाले आले, १९८१ मध्ये शर्यत हवाईच्याच मोठ्या बेटावर कोनाला गेली, आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, उठली, पुन्हा कोसळली आणि रांगत रेघेपाशी गेली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून गेली. ते चित्रण घराघरांत दिसलं आणि खेळ लोकांना कळला. पण दिवसभर झिजायला सवड कुणाला? त्याच वर्षी अमेरिकेत लहान अंतरांच्या शर्यतींची मालिका सुरू झाली, आणि तिच्यातूनच १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं हे माप रूढ झालं. पुढे ऑलिंपिकने तेच उचललं.

दहा किलोमीटरमध्ये पहिले दोन किलोमीटर वाया जाऊन चालत नाही. सायकल ठेवून बूट चढवून पळायच्या जागेला आणि वेळेला ‘टी-टू’ म्हणतात, आणि हवाईत जिथे माणसं निवांत कपडे बदलत तिथे आता सेकंद मोजले जाऊ लागले. ऐंशीच्या दशकात सॅन डिएगोच्या परिसरात मार्क ॲलन, स्कॉट टिन्ली, स्कॉट मोलिना अशी पूर्णवेळ ट्रायथलॉन करणारी पिढी एकत्र सराव करत होती. तीन वेगळ्या खेळांचे तीन वेगळे सराव हा जुना शिरस्ता याच काळात मोडला. सायकल मारून आल्यावर ती भिंतीला टेकवायची आणि तसंच धावत सुटायचं, हे नेमकं पहिल्यांदा कुणी केलं याची वही कुणी ठेवलेली नाही, आणि ठेवायची गरजही नव्हती. शर्यतीत जे करायचं तेच सरावात करून पाहायचं, ही काही कुणाच्या नावावर नोंदवण्याजोगी युक्ती नव्हे.

नावावर मात्र दावे पुष्कळ. धावताना पाय विटांसारखे जड वाटतात म्हणून ब्रिक. भिंत बांधताना एकेक वीट रचतात तसा हा सराव, म्हणून ब्रिक. न्यूझीलंडचा मॅट ब्रिक, जो १९९१ मध्ये ड्युअॅथलॉनचा, म्हणजे धावणं-सायकल-धावणं या शर्यतीचा, जगज्जेता झाला, त्याच्यावरून ब्रिक. इंग्रजी आद्याक्षरांची जुळवाजुळव करणारेही आहेत, ती तर उघडच मागाहून बसवलेली दिसते. मला जड पायांची व्युत्पत्ती खरी वाटते. ज्याने हा सराव एकदा केला आहे त्याला बाकीच्या शोधायची गरज पडत नाही.

खेळाने यानंतर आणखी एक पलटी घेतली. आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटना १९८९ मध्ये फ्रान्समधल्या आविन्यों इथे स्थापन झाली आणि पहिलं जागतिक अजिंक्यपदही तिथेच झालं. ते मार्क ॲलनने जिंकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोनाला त्याने प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉटला ५८ सेकंदांनी हरवलं आणि सायकलनंतरची ती मॅरेथॉन २ तास ४० मिनिटं ४ सेकंदांत धावला. त्या शर्यतीतला तो आकडा २०१६ पर्यंत अबाधित राहिला. १८० किलोमीटर सायकल पायांत घेऊन! नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून अव्वल खेळाडूंना सायकलवर एकमेकांच्या आडोशाने जायची परवानगी मिळाली. समोरचा वारा कापतो आणि मागचा फुकट जातो. परिणाम असा की चाळीस किलोमीटरनंतर वीस-पंचवीस जणांचा घोळका एकदम टी-टूमध्ये शिरू लागला आणि शर्यत धावण्यावर, त्याच्या पहिल्या मिनिटांवर, ठरू लागली. सिडनीला २००० मध्ये ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आलं ते या रूपात. २०१२ मध्ये लंडनला ॲलिस्टर ब्राउनलीने शेवटचे दहा किलोमीटर २९ मिनिटं ७ सेकंदांत संपवले. त्या दिवशी तो नुसतं धावला असता तरी तो आकडा ऐकून भलेभले धावपटू गप्प बसले असते.

पण हे पाय जड होतात कशामुळे? नुसता थकवा म्हणावा तर दीड तास धावून झाल्यावर आणखी अर्धा तास धावताना असं विचित्र वाटत नाही. खरी भानगड स्नायूंच्या कामाच्या पद्धतीत आहे. पेडल मारताना मांडीचा स्नायू आकसत जोर लावतो, पावलाला कुठेच आदळायचं नसतं आणि अंगाचं वजन सीटवर असतं. धावताना दर पावलाला शरीर जमिनीवर येतं आणि तोच मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर धरून ठेवतो, तोल सावरतो, मग स्प्रिंगसारखा उसळतो. एक काम सोडून उलट काम, तेही क्षणात. त्यात तास-दीड तास कमरेतून वाकून बसल्याने जांघेतले स्नायू आखडलेले असतात. पाठ सरळ होत नाही, पाऊल लांब पडत नाही, श्वास वर वर लागतो. ग्रेग्वार मिले आणि वेरोनिका व्लेक यांनी २००० साली या संक्रमणावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. सायकलनंतर तेवढ्याच वेगाने धावायला लागणारी जादा ऊर्जा १.६ टक्क्यांपासून ११.६ टक्क्यांपर्यंत असते, आणि खेळाडू जितका तयार तितका तो आकडा लहान, असं त्यांनी मांडलं. ही दोन टोकं फार बोलकी आहेत. मेंदू आणि स्नायू यांची ही अदलाबदल शिकता येते, असाच त्याचा अर्थ.

सायकलच्या शेवटी पेडल किती भराभर मारावं, यावर मात्र शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. २००२ मधल्या गॉटशॉल आणि पामर यांच्या प्रयोगात नेहमीपेक्षा वीस टक्के जलद पेडल मारलेले खेळाडू पुढचे ३,२०० मीटर, वीस टक्के संथ पेडल मारल्यानंतरच्या मानाने, जवळजवळ मिनिटभर लवकर धावले. पायांची लय सायकलवरून रस्त्यावर तशीच उतरली, असा त्यांचा निष्कर्ष. तीनच वर्षांनी व्हर्क्रुइसेन आणि सहकाऱ्यांनी शेवटची दहा मिनिटं पेडलची गती उतरवली आणि त्यांचे खेळाडू नंतर जास्त वेळ टिकून धावले. एकात वेग पाहिला, दुसऱ्यात टिकाव. दोन्ही खरं असू शकतं. हौशी माणसाने शेवटच्या पाच मिनिटांत गिअर हलका करावा, पाय मोकळे फिरवावेत आणि या वादात पडू नये.

कुणकेश्वरला हा सराव करताना पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी कळतात. आमचा किनारी रस्ता सपाट नाही. दक्षिणेकडे मिठबाव, मुणगे, आचरा असं निघालं की रस्ता कातळाच्या सड्यावर चढतो, कलमांच्या बागांमधून जातो, मग घाटी उतरून खाडीकाठच्या वाडीत येतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा चढतो. उत्तरेला तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलाने देवगड हाकेच्या अंतरावर आणलं, पण तिकडेही चढ-उतार सुटत नाहीत. परतताना कुणकेश्वरला येता ते उतरून. म्हणजे शेवटची काही मिनिटं पेडल स्थिर आणि वारा थेट छातीवर. सुखाचा भाग, पण पाय थंड पडतात. देवळाच्या अलीकडे सायकल थांबवून धावायला लागलं की पहिल्या शंभर पावलांत गुडघे आपले नव्हेतच असं वाटतं. म्हणून उतारावरही हलकं पेडल फिरवत राहायचं, जोर लागो न लागो.

दुसरी गोष्ट उकाड्याची. सायकलवर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वारा अंगावरून जात असतो, घाम निथळायच्या आत सुकतो आणि आपण फारसे तापलेलो नाही असा गोड गैरसमज होतो. उतरून ताशी नऊ-दहा किलोमीटरने धावू लागलात की तो वारा नाहीसा होतो. ऑक्टोबरात, भात कापणीच्या दिवसांत, किनाऱ्यावरची हवा अशी ओली असते की घाम सुकायला तयारच नसतो. नाडी वेग न वाढवताच चढते. युरोपातल्या थंड सरोवराकाठी लिहिलेल्या पुस्तकांत या धक्क्याला एखादं वाक्य मिळतं, कोकणात तोच अर्धा सराव आहे. पाणी आणि मीठ सायकलवरच, तहान लागायच्या आधी पोटात जायला हवं. धावताना पोट ते स्वीकारत नाही.

पुळणीवर धावायचा मोह प्रत्येकाला होतो. ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते, समोर देऊळ, पलीकडे समुद्र. मात्र किनारा एका बाजूला उतरता असतो आणि सायकलने आधीच आखडलेल्या कमरेला तो तिरका पडतो. डांबरी रस्ता रुक्ष खरा, पण सरावाला तोच बरा. पुळण दुसऱ्या दिवशीच्या सावकाश फेरीला ठेवावी. सायकल ठेवायची कुठे हा आणखी एक प्रश्न. शर्यतीत तिच्यासाठी क्रमांक लावलेला कठडा असतो, गावात नारळ-फुलांच्या दुकानाचा खांब. दुकानातल्या आजींना सायकलवर लक्ष ठेवायला सांगितलं तेव्हा त्या हो म्हणाल्या, पण कुलूप लावून मी पळत सुटलो तशी मागून हाक आली, “सायकल आसताना धावतस कित्याक रे?” या प्रश्नाचं चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. हवाईच्या नकाशाची हकिकत त्यांना सांगून पटणार नाही.

हा खेळ मराठी माणसापर्यंत आला तो मुख्यतः गेल्या दीड-दोन दशकांत. पुण्याचे कौस्तुभ राडकर, मूळचे राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू, २००८ पासून आयर्नमॅन शर्यती एकामागून एक पूर्ण करत गेले आणि पुढे इतरांना त्या शिकवू लागले. २०१५ मध्ये मिलिंद सोमणने वयाच्या पन्नासाव्या वर्षी झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली आणि तोवर ज्यांनी हा शब्दही ऐकला नव्हता अशा घरांत त्याची चर्चा झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्र पोलीस दलातले अधिकारी कृष्णप्रकाश फ्रान्समध्ये ही शर्यत पुरी करून आले. कोल्हापूरने तर हे वेड मनावरच घेतलं. कुस्तीच्या आणि फुटबॉलच्या गावात राजाराम तलावात पोहून नव्वद किलोमीटर सायकल आणि एकवीस किलोमीटर धावणं अशी ‘बर्गमॅन ११३’ शर्यत उभी राहिली. अंतरांची बेरीज ११३ किलोमीटर, हेच तिचं नाव. उतरणारे बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर, दुकानदार, सरकारी नोकर. पूर्णवेळ खेळाडू क्वचित.

आमच्यासाठी मात्र खरं दार उघडलं ते गोव्याने. २० ऑक्टोबर २०१९ ला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही अर्ध्या अंतराची शर्यत पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, आणि हे सगळं साडेआठ तासांत. कोरोनाची दोन वर्षं वगळून २०२२ पासून ती पुन्हा भरू लागली. परदेशी जायचा विमानखर्च, व्हिसा, सायकल पेटीत बांधून नेण्याची कटकट नाही. सिंधुदुर्गातला माणूस सायकल गाडीवर टाकून सकाळी निघून जेवणापर्यंत पणजीला पोचतो. समुद्र त्याला नवा नाही. मालवणला चिवला बीचवर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा भरतात आणि लहान लहान मुलंही लाटांत उतरतात. सायकल तर खाड्यांच्या या मुलखात शाळेपासूनची. अडतं ते शेवटच्या एकवीस किलोमीटरवर, भर उन्हात, मिरामारच्या दमट हवेत. तिथे ब्रिक केलेला आणि न केलेला माणूस लांबून ओळखू येतो. एक पावलं आखडती, पण भराभर टाकत जातो, दुसरा कमरेवर हात ठेवून उभा असतो.

म्हणून सराव करायचा, पण किती? इथे माझं मत बऱ्याच क्लबवाल्यांच्या विरुद्ध आहे. व्हॉट्सअॅपच्या गटांवर दर रविवारी शंभर किलोमीटर सायकल नि वर पंधरा किलोमीटर धावल्याचे फोटो येतात. ते पाहून नवा माणूस घाबरतो, नाहीतर तसंच करायला जाऊन पोटरी धरून बसतो. ब्रिक हा दमसास वाढवायचा सराव नाही. त्यासाठी लांब सायकल आणि लांब धावणं वेगळ्या दिवशी आहेच. फ्रान्समध्ये ऊ आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे काही खेळाडूंकडून सायकल-धावणं, सायकल-धावणं असे आलटून-पालटून तुकडे करून घेतले. एकूण कामगिरी इतरांपेक्षा फार सुधारली नाही, पण सायकलनंतरच्या धावण्याचा अगदी सुरुवातीचा तुकडा सुधारला. हा सराव नेमकं तेवढंच देतो. त्याच्याकडून जास्त मागू नये.

तेव्हा गोव्याला नाव घातलं असेल तर पावसाळा सरला की आठवड्यातून एकदा एवढंच करा. तासभर सायकल, शेवटची दहा मिनिटं थोडी जोरात, मग हलका गिअर. सायकल उभी करून दोन-तीन मिनिटांच्या आत पायांत बूट, त्यांना नाड्यांऐवजी इलॅस्टिक बसवून घ्या, स्वस्त आहे आणि थरथरत्या हातांनी गाठ मारायची वेळ येत नाही. पंधरा ते वीस मिनिटं धावा. पहिली पाच मिनिटं मुद्दाम हळू, लहान पावलं, मान सैल. घड्याळातला वेग पाहू नका, आणि अंगाला जाणवणारा वेगही त्या वेळी खोटं सांगतो. सायकलनंतर पाच मिनिटांची धाव फार जलद वाटूनही प्रत्यक्षात संथ असते किंवा नेमकं उलटं, आणि दोन्हींची सवय व्हावी म्हणूनच तर हे चाललं आहे. महिन्यातून एकदा, शर्यतीच्या वेळेला आणि शर्यतीसारख्याच उन्हात, थोडं लांब करा. गुडघा किंवा टाच दुखत असेल त्या आठवड्यात सरळ सोडून द्या, काही बिघडत नाही.

आणि कुणकेश्वरला आलात तर महाशिवरात्रीच्या आठवड्यात सायकल घरी ठेवा. रस्ता तेव्हा पायी येणाऱ्यांचा असतो.